वाऱ्याकडे बघायला कोणीतरी हवं

बाबा आयसीयूत होते तेव्हा आमच्या मंडळीतल्या एक काकू भेटायला आल्या. त्यांनी प्रार्थना केली, आईचा हात धरला आणि म्हणाल्या, "संकटाकडे बघू नकोस गं, प्रभूकडे बघ." आईने मान हलवली. मी बाजूला बसून मोबाइलवर इन्शुरन्सचा फॉर्म भरत होतो. मनात आलं, सगळ्यांनीच प्रभूकडे बघितलं तर हा फॉर्म कोण भरणार?

बाबा बरे होऊन घरी आले, पण प्रश्न डोक्यात राहिला. त्याचं उत्तर मला प्रवचनात मिळालं नाही. ते लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'त मिळालं.

हे पुस्तक आपल्याला भेटतं ते प्रांजळ, विनोदी आत्मचरित्र म्हणून. ते तसं आहेच. पण ख्रिस्ती घरातला मुलगा म्हणून वाचताना मला त्यात आणखी एक गोष्ट दिसली: एका घरात श्रद्धेची किंमत कोण मोजतं, याचा हिशेब. रेव्हरंड नारायण वामन टिळक देवाकडे बघणारे. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पुढची काही वर्षं लक्ष्मीबाईंना नवऱ्यापासून दूर काढावी लागली. १९१७ साली ते मिशनचं काम सोडून 'देवाचा दरबार' उभारायला निघाले. पैसा त्यांच्या हाती टिकत नसे. उद्याची चिंता देव करेल, हा त्यांचा विश्वास खरा होता. पण डब्यात पीठ किती उरलंय, हे बघणं लक्ष्मीबाईंच्या वाट्याला आलं.

हे फक्त ख्रिस्ती घरातच घडतं असं नाही. पुस्तकाच्या सुरुवातीला लक्ष्मीबाईंच्या वडिलांचं सोवळ्याचं वेड येतं. त्यांची नजर शुद्धतेवर आणि त्याचा जाच घरातल्या बायकामुलांना. एकाची नजर वर लागली की खालचं दुसऱ्यावर पडतं, हे लक्ष्मीबाईंनी लहानपणीच पाहिलं होतं.

त्यांचं मोठेपण असं, की त्या अडचण लपवत नाहीत आणि तिचं भांडवलही करत नाहीत. भांडण झालं तर भांडण झालं असं लिहितात, मग स्वतःवरच हसतात. माझी तक्रार आहे ती याच हसण्याबद्दल. ते इतकं लोभस आहे की टिळकांचा बेफिकीरपणा आपल्याला गोड वाटू लागतो. 'काय अवलिया माणूस!' म्हणत आपण पान उलटतो आणि त्या दिवशी घरात काय शिजलं, हे विचारायचं राहून जातं.

काकूंच्या सल्ल्यामागे मत्तयाच्या शुभवर्तमानातली पेत्राची गोष्ट असते. तो पाण्यावर चालत येशूकडे निघतो, वाऱ्याकडे बघतो, घाबरतो आणि बुडू लागतो. तात्पर्य ठरलेलं: वाऱ्याकडे बघू नका. पण गोष्ट तिथे संपत नाही. पेत्र ओरडतो, आणि येशू आधी हात पुढे करून त्याला धरतो. अल्पविश्वासाबद्दलचं बोलणं त्यानंतर येतं. आपण मात्र बुडणाऱ्याला आधी बोल लावतो आणि हात कुणीतरी देईल म्हणून थांबतो. शिवाय वारा दिसला नसता तर पेत्र ओरडलाच नसता. संकट पाहिलं म्हणून त्याच्या तोंडून प्रार्थना निघाली. स्तोत्रसंहितेतली कितीतरी स्तोत्रं अशाच ओरडण्यातून आली आहेत.

टिळकांनी येशूच्या जीवनावर 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य लिहायला घेतलं. १९१९ मध्ये ते गेले तेव्हा काव्य अपुरंच होतं. पुढचा बराच मोठा भाग लिहिला लक्ष्मीबाईंनी. शाळेत न शिकलेल्या, लग्नानंतर नवऱ्याकडून अक्षरं शिकलेल्या बाईने. आयुष्यभर डब्यातलं पीठ बघणारीची नजर देवावरून हटली होती, असं आता कोण म्हणेल?

काकूंचा सल्ला चुकीचा नव्हता. तो एखाद्याने स्वतःला द्यावा. दुसऱ्याला देताना सोबत जेवणाचा डबा आणावा.

बाबा दवाखान्यात असताना आई रोज रात्री स्तोत्र वाचायची आणि सकाळी औषधांच्या पावत्या तारखेप्रमाणे फाइलला लावायची. तेव्हा मला ही दोन वेगळी कामं वाटली होती.