जागलीवर वाचायची पुस्तकं

(मालेगाव, जि. वाशीम इथं झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

आधी एक खुलासा करतो, कारण हे रेकॉर्डिंग पुढे इंटरनेटवर जाणार आहे. हे मालेगाव नाशिक जिल्ह्यातलं नव्हे. आमचं मालेगाव जहाँगीर, वाशीम जिल्ह्यातलं. आमच्याकडे यंत्रमाग नाहीत, सोयाबीन आहे. पुण्या-मुंबईत गावाचं नाव सांगितलं की दुसरं वाक्य आम्हाला हेच बोलावं लागतं, त्यामुळे आता सवय झाली आहे.

विषय आहे पुस्तकं आणि रानातली भटकंती. आम्ही सहा-सात जण गेली काही वर्षं महिन्यातून एखाद्या रविवारी बाहेर पडतो. कधी मेडशीच्या बाजूनं काटेपूर्णाच्या जंगलाकडे, कधी कारंजा-सोहोळच्या अभयारण्यात काळविटं बघायला, आणि बहुतेक वेळा गावाशेजारच्या ई-क्लास जमिनीवर, कारण पेट्रोल वाचतं. सोबत दुर्बीण, चिवडा आणि एक पुस्तक. झाडाखाली बसून पाचदहा पानं मोठ्यानं वाचायची आणि परत यायचं. छान चाललं होतं. मग एकदा कारंज्याहून परतताना रस्त्यालगतच्या एका शेतात पाणी प्यायला थांबलो. तिथल्या काकांनी विचारलं, कुठं गेल्ते? आम्ही सांगितलं, हरणं बघायला. काका आमच्याकडे बघतच राहिले. म्हणाले, "लेकहो, हरनं पाहाले इतल्या दूर गेले? माह्या वावरात या ना. रोज राती येतात, फुकटात."

आम्ही हसलो. काका हसले नाहीत. ते चार महिने जागलीला होते.

आज जे बोलणार आहोत ते त्या काकांमुळे. रानावरची मराठी पुस्तकं आम्ही आवडीनं वाचत होतो, पण ती कुणाच्या बाजूनं लिहिली आहेत हे कधी तपासलं नव्हतं. फिरायला येऊन जाणाऱ्याचं रान वेगळं आणि त्यातच राहून पोट भरणाऱ्याचं वेगळं. मग ही पुस्तकं जागलीच्या मचाणावर, बॅटरीच्या उजेडात वाचली तर टिकतात का? परीक्षा थोडी अन्यायाची आहे, मान्य. पण आमच्या गावात दुसरी कुठली घ्यायची?

व्यंकटेश माडगूळकरांपासून सुरू करू. त्यांचं 'नागझिरा' १९७९ चं. काही दिवस जंगलात मुक्काम, आणि त्या मुक्कामाचं पुस्तक. वाक्यं आखूड, विशेषणं मोजकी. माडगूळकर चित्रकार होते, ते त्यांच्या गद्यात कळतं. एखादं जनावर पाणवठ्यावर येतं, थांबतं, जातं, आणि लेखक मध्ये मध्ये करत नाही. आमच्यातल्या दोघांनी हे पुस्तक वाचून आयुष्यात पहिल्यांदा दुर्बीण विकत घेतली. एवढी ताकद फार थोड्या पुस्तकांत असते.

पण त्याच माडगूळकरांचं १९५५ चं 'बनगरवाडी' शेजारी ठेवून बघा. तिथं माळ आहे, मेंढरं आहेत, धनगरं आहेत, आणि शेवटी दुष्काळात आख्खी वाडी उठून जाते. म्हणजे माणसं जिथं राहतात तो माळ लिहिताना दुष्काळ आला, भूक आली. आणि निसर्ग बघायचा म्हटल्यावर लेखक माळ सोडून जंगलात गेला, जिथं वावर नाही, पीक नाही, राखणारा नाही. हा माडगूळकरांचा दोष आहे असं आम्ही म्हणत नाही. ही आपली सगळ्यांचीच सवय आहे. निसर्ग म्हटलं की आपल्याला जंगल लागतं, नाहीतर सह्याद्रीचा कडा. वऱ्हाडातलं सपाट, पिवळं, कुसळी टोचणारं माळरान कुणाच्या डोळ्यापुढे येत नाही. सरकारी कागदावर ते पडीक, आणि वाचकाच्या मनातही पडीकच. खरं म्हणजे अकोला-वाशीमच्या याच पडीकात पावसाळ्यात तणमोर येतो, गवताच्या वर उड्या मारून मादीला बोलावतो. जगात अतिशय थोडे उरलेत ते पक्षी. कुठला तणमोर कुठल्या गवतात बसतो, हे सांगणारे फासेपारधी आपल्याच भागात आहेत. त्यांच्याइतकं आपल्याला येत नाही हे सरळ कबूल करून पुढे जाऊ.

आता दुर्गाबाई. दुर्गा भागवतांचं 'ऋतुचक्र' १९५६ चं, चैत्रापासून फाल्गुनापर्यंत बारा महिन्यांचे लेख. मुंबईत राहणाऱ्या विदुषीचं पुस्तक, तेव्हा आमच्या परीक्षेत हे आधी नापास होईल असं वाटलं होतं. आम्ही ठरवलं, ज्या महिन्याचा लेख त्याच महिन्यात वाचायचा. आषाढात पंचाईत झाली. ते वर्ष ओढीचं होतं, मृग कोरडा गेलेला, अर्ध्या गावाची दुबार पेरणी. अशा वेळी आषाढाच्या ढगांचं कौतुक वाचायला जीभ रेटेना. आमच्यातल्या एकानं, ज्याचं कृषी केंद्र आहे आणि उधारी अंगावर होती, पुस्तक मिटलं आणि म्हणाला, पुढच्या महिन्यात बघू.

तरीही वर्ष संपलं तेव्हा हेच पुस्तक आमच्याकडे सगळ्यात जास्त उरलं. याचं कारण शोधायला आम्हाला वेळ लागला. दुर्गाबाई कुठं सहलीला निघत नाहीत. तेच झाड त्या पुन्हा पुन्हा बघतात. मोहोर कधी आला, पान कधी लालसर झालं, शेंग कधी वाळली. पाहुणा एकदाच बघतो आणि जे दिसलं त्यावर खूश होतो. राहणाऱ्याला तीच गोष्ट रोज बघावी लागते, आणि रोज बघूनही ती दिसणं हेच अवघड असतं. शहरात राहून दुर्गाबाईंनी राहणाऱ्याची नजर कमावली. आम्ही खेड्यात राहून पाहुण्यासारखे फिरत होतो.

त्यांच्या नादानं आम्ही ई-क्लासवरचा एक पळस ठरवून घेतला. दर भेटीत त्याची नोंद करायची. एका वर्षी होळीला गेलो तर निम्मी फुलं खाली पडलेली, आणि आमच्या डोक्यात होळी म्हणजे पळस ऐन भरात. पुस्तकातला फाल्गुन आणि आपल्या बांधावरचा फाल्गुन एक नसतो. हे पुस्तकाच्या विरोधात आहे असं वाटेल, पण पुस्तकानं तिथं उभं केलं नसतं तर ही तफावत आमच्या लक्षात आली नसती.

आणि मारुती चितमपल्ली. १८ जून २०२५ ला ते गेले. सोलापूरचा माणूस, पण वाचकाच्या मनात ते नवेगावबांधचे आणि नागझिऱ्याचे, म्हणजे आपल्या विदर्भाचेच. 'पक्षी जाय दिगंतरा', 'रानवाटा', 'जंगलाचं देणं', 'चकवा चांदणं' ही पुस्तकं इथं बसलेल्या बहुतेकांनी वाचली असतील. वनखात्यात नोकरी, त्यामुळे ते पाहुणे नव्हते. वर्षानुवर्षं एका जागी राहिले, आणि मोठी गोष्ट म्हणजे त्यांनी रानातल्या माणसांना विचारलं. नवेगावबांधचे माधवराव पाटील त्यांच्या लेखनात गुरूसारखे येतात. अधिकारी असून गावातल्या माणसासमोर विद्यार्थी होऊन बसणं, हे आपल्याकडे किती दुर्मीळ आहे ते तुम्हाला सांगायला नको. 'शब्दांचं धन' वाचताना आम्हाला आमचीच लाज वाटली. शेडा, पवना, मारवेल, कुंदा, कुसळी ही गवतांची नावं आमच्या आज्याला येत होती. आम्ही सगळ्याला गवत म्हणतो, आणि सोयाबीनमध्ये उगवलं तर तण.

पण आदर आहे म्हणून तक्रार गिळायची असं नाही. चितमपल्लींच्या लेखनात डोळ्यांनी पाहिलेलं, जाणत्यानं सांगितलेलं आणि जुन्या पोथीत सापडलेलं एकाच ताटात वाढलेलं असतं. कुठला घास कुठला ते ते नेहमी सांगत नाहीत. घुबडाविषयी, सापाविषयी, वनस्पतीविषयी एखादी नवलाची गोष्ट येते आणि वाचक ती पक्की खरी म्हणून घेऊन जातो. वाचायला त्यात मोठी गंमत आहे. मात्र जागलीवर बसलेल्या माणसाला गंमत पुरत नाही. त्याला विचारायचं असतं, हे तुम्ही बघितलं का? किती वेळा?

इथं थोडं लांब जातो. फ्रान्समध्ये, दक्षिणेकडच्या प्रोव्हान्स भागात, सेरिन्यां नावाच्या खेड्यात जाँ-आँरी फाब्र नावाचा माणूस १८७९ मध्ये राहायला गेला. तेव्हा तो पंचावन्न वर्षांचा होता. त्यानं घेतलेली जमीन एखाद्या हेक्टरची, म्हणजे आपली अडीच एकर, दगडधोंड्यांची आणि काट्यांची. तिकडच्या बोलीत अशा जमिनीला 'हार्मास' म्हणतात. मराठीत सरळ शब्द आहे, पडीक. त्या पडीकात त्यानं मरेपर्यंत, १९१५ पर्यंत, किडे बघितले, आणि किड्यांवर दहा खंड लिहिले. शेणाची गोळी लोटणारा किडा आपण सगळ्यांनी लहानपणी काडीनं उलटा केलेला आहे. फाब्रनं त्याच्यावर वर्षं घातली.

त्याची एक गोष्ट सांगतो. उन्हाळ्यात भर दुपारी झाडावर किर्र करणारा किडा असतो ना, त्याला ऐकू येतं का, हे त्याला बघायचं होतं. त्यानं गावच्या जत्रेत उडवायच्या दोन तोफा आणवल्या आणि झाडाखाली उडवल्या. वर गाणं चालूच. फाब्रनं लिहिलं, किडा बहिरा असावा. पुढे शास्त्रज्ञांनी दाखवलं की तो बहिरा नाही. म्हणजे फाब्र चुकला. पण आपण काय केलं ते त्यानं एवढं स्पष्ट लिहून ठेवलं होतं की चूक कुठं झाली हे दुसऱ्याला शोधता आलं. चितमपल्लींकडून आम्हाला एवढंच हवं होतं. त्यांच्याजवळ सांगण्यासारखं फाब्रपेक्षा कमी नव्हतं, आणि मराठीत इतकं प्रेमानं सांगणारा दुसरा मिळणार नाही.

परत काकांच्या शेतात येऊ. मागच्या खरिपात आम्ही खरंच त्यांच्या मचाणावर एक रात्र काढली. शेताभोवती झटका मशीनची तार, हातात बॅटरी, आणि थरमासमध्ये चहा. 'रानवाटा'तली काही पानं वाचून दाखवली. काकांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "मानूस चांगला होता. त्याच्या घरचं वावर नव्हतं वाटते." यापेक्षा नेमकी समीक्षा आम्हाला जमलेली नाही.

रात्री दोनच्या सुमाराला रोही आले. अंधारात आधी आवाज, मग डोळे. आम्ही श्वास धरून बघत होतो. काका उठले, डबा वाजवला, शिव्या दिल्या, परत येऊन बसले. नंतर त्यांनी सांगितलं की रोही लेंड्या ठरलेल्या जागीच टाकतो, पुन्हा पुन्हा तिथंच. त्या ढिगावरून त्यांना कळतं की कळप कुठून शिरतो, आणि तार तिथं दुहेरी घालायची. हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही. सहा वर्षं बघून कळलेलं आहे. आम्ही विचारलं, हे लिहून ठेवू का? ते म्हणाले, "ठेवा ना. पन सोयाबीन कितीक खाल्लं तेबी लिवजा."

वही केली आहे. पानाला दोन रकाने आखलेत. डावीकडे काय दिसलं, कधी, कुणाला. उजवीकडे किती ओळी खाल्ल्या. पहिल्या पानावर डाव्या रकान्यात सात रोही आहेत, रात्री दोन वाजून दहा मिनिटं. उजव्या रकान्यात काकांनी सकाळी स्वतः मोजून आणलेला आकडा आहे, अकरा ओळी.