स्थानिक वारसा आणि माध्यमिक स्तरावरील इतिहासाचे अध्यापन : मुळशी सत्याग्रहाच्या साधनांची चिकित्सा

प्रास्ताविक

राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ ने शालेय ज्ञान शाळेबाहेरील जीवनाशी जोडण्याचा आग्रह धरला. महाराष्ट्रात २०१८ मध्ये आलेल्या इयत्ता दहावीच्या इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात ‘उपयोजित इतिहास’ व ‘ऐतिहासिक ठेव्यांचे जतन’ ही प्रकरणे समाविष्ट झाली. त्यामुळे स्थानिक वारशाला अध्यापनात तात्त्विक मान्यता मिळाली. प्रत्यक्ष व्यवहारात मात्र वारसा म्हणजे किल्ल्याची सहल, वेशभूषा आणि पोवाडा असेच समीकरण बहुधा दिसते. पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्यात कोरीगड व घनगड हे किल्ले आहेत आणि त्यांचे शैक्षणिक मोल वादातीत आहे. परंतु याच तालुक्याचा दुसरा वारसा पराभवाचा व विस्थापनाचा आहे. अभिमानाच्या चौकटीत तो बसत नाही, म्हणूनच अध्यापनाच्या दृष्टीने तो अधिक महत्त्वाचा ठरतो.

साधनांचे स्वरूप व मर्यादा

मुंबईस वीज पुरविण्यासाठी टाटा कंपनीने मुळा व नीला या नद्यांच्या संगमाजवळ धरण योजले. त्यामुळे मुळशी पेट्यातील सुमारे ५० गावांवर संकट ओढवले. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीस, मावळ्यांनी धरणाच्या जागी सत्याग्रह आरंभिला. काम काही महिने थांबले, पण पुढे ते पुन्हा सुरू झाले. डिसेंबर १९२४ मध्ये पांडुरंग महादेव बापट व त्यांच्या सहकाऱ्यांनी कामावरील रेल्वेगाडीवर हल्ला केला. बापटांना ७ वर्षांची शिक्षा झाली आणि लढा संपुष्टात आला. पूर्वेकडे वाहणारे पाणी सह्याद्रीच्या पश्चिमेस वळविण्यात आले व १९२७ मध्ये भिरा येथील वीजकेंद्र सुरू झाले. या लढ्याने बापटांना ‘सेनापती’ ही उपाधी दिली. शेतकऱ्यांची जमीन मात्र गेली.

या घटनेची तीन प्रकारची साधने वर्गात नेता येतात. पहिले साधन म्हणजे लढ्यातील एक नेते विनायकराव भुस्कुटे यांचा ‘मुळशी सत्याग्रह’ हा ग्रंथ. सहभागी व्यक्तीचा प्रत्ययकारी तपशील हे त्याचे बळ आहे आणि नेतृत्वाच्या बाजूने पाहणारी दृष्टी ही त्याची मर्यादा. दुसरे साधन राजेंद्र व्होरा यांचे संशोधन होय. ते मराठीत व पुढे २००९ मध्ये इंग्रजीत ग्रंथरूपाने आले. शेतकऱ्यांचे हित आणि पुण्यातील जमीनदार-सावकारांचे हित एक नव्हते, नुकसानभरपाईच्या प्रश्नावर ते परस्परांपासून दूर गेले, हे व्होरा यांनी दाखविले. एकसंध लोकलढ्याचे सोपे चित्र त्यामुळे टिकत नाही.

तिसरे साधन मौखिक आहे. गी प्वातवँ व हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या संकलित केल्या. या कार्याचा पाया मावळ-मुळशीच्या डोंगराळ भागातील स्त्रियांमध्ये घातला गेला. ओवीला तारीख नसते. घटनाक्रमाचा पुरावा म्हणून ती वापरता येत नाही. परंतु श्रम, माहेर आणि सासुरवास यांविषयी स्त्रियांना काय वाटे, हे सरकारी कागद सांगत नाही; ते ओवी सांगते. ओवी केवळ स्नेहसंमेलनात गाण्यापुरती राहिली, तर तिचे हे साधनमूल्य नष्ट होते.

अध्यापनविषयक फलित

ही साधने एकमेकांशेजारी ठेवली की प्रश्न आपोआप उभे राहतात. १९२४ च्या हल्ल्यास सत्याग्रह म्हणावे काय? नुकसानभरपाई नेमकी कोणाची व कशाची? शहरास मिळालेला प्रकाश आणि गावाने गमावलेली भातखाचरे यांचा हिशेब कोणत्या मापाने करावा? या प्रश्नांची तयार उत्तरे पाठ्यपुस्तकात नाहीत. नवव्या-दहावीचा विद्यार्थी पुरावा तपासून मत बनवू लागतो, तेव्हाच त्याचे इतिहासाचे शिक्षण सुरू होते. धरणापूर्वीच्या व नंतरच्या नकाशांची तुलना, घरातील वडीलधाऱ्यांकडून ऐकलेल्या हकिकतीची नोंद आणि ती ग्रंथांशी पडताळणे, एवढे उपक्रमही त्यास पुरेसे आहेत.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. मुळशीतील वर्गात विस्थापितांचे वंशज बसलेले असू शकतात. त्यांच्या घरची स्मृती ही प्रदर्शनाची वस्तू नव्हे. तशीच ती चिकित्सेच्या पलीकडचीही नव्हे, कारण आज सांगितली जाणारी स्मृती बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या पिढीची आहे. आदर आणि पडताळणी यांचा तोल सांभाळण्याचे प्रशिक्षण शिक्षकास मिळणे अगत्याचे आहे.

समारोप

स्थानिक वारसा हे इतिहास रंजक करण्याचे साधन आहे, ही धारणा अपुरी आहे. परिचित भूमीवरच परस्परविरोधी पुरावे भेटतात, हे त्याचे खरे सामर्थ्य होय. महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी व अध्यापक महाविद्यालयांनी अशा साधनांचे निवडक उतारे संदर्भासह शाळांना उपलब्ध करून दिले, तर परीक्षेच्या ओझ्याखाली असलेल्या शिक्षकासही हे कार्य शक्य होईल. अन्यथा मुळशीचा विद्यार्थी दूरच्या लढ्यांच्या सनावळ्या पाठ करील आणि समोरच्या जलाशयाकडे केवळ पर्यटनस्थळ म्हणून पाहत राहील.