एकाच काळ्या पाण्याची दोन आत्मकथने

काळे पाणी म्हटले की मराठी वाचकाला वि. दा. सावरकरांचे, १९२७ साली ग्रंथरूपाने आलेले 'माझी जन्मठेप' आठवते. उर्दू वाचकाला मौलाना मुहम्मद जाफर थानेसरी यांचे 'तवारीख-ए-अजीब' आठवते. 'काला पानी' या नावानेच ते अधिक ओळखले जाते. आम्ही उर्दूत शिकवतो आणि मराठीत लिहितो. ही दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचली पाहिजेत, असे आम्हांस वाटते.

दोन्ही कैद्यांची वाट आमच्याच मुलखातून गेली आहे. सरहद्दीवरील मुजाहिदीनांना मदत पुरवल्याच्या आरोपावरून १८६४ च्या अंबाला खटल्यात थानेसरींना फाशी सुनावली गेली आणि मागाहून ती जन्मठेपेत बदलली. लाहोर, मुलतान, कराची असे करीत ते ठाण्याच्या तुरुंगात आले. तेथून मुंबईमार्गे जहाजाने जानेवारी १८६६ मध्ये ते अंदमानात उतरले. १९११ साली सावरकरांनाही ठाण्याच्या तुरुंगातूनच अंदमानास नेले. आमचे सफाळे २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होते. तेव्हा ही हकीकत आपल्याला परकी नाही.

बेट एकच, पण पुस्तके निराळी. थानेसरींचे अंदमान ही कैद्यांची वसाहत आहे. तेथे ते सरकारी मुन्शी झाले, इंग्रजी शिकले, त्यांनी निकाह केला आणि १८८३ मध्ये बायकामुलांसह ते परतले. आयर्लंडहून ऑस्ट्रेलियात धाडलेले अनेक कैदीही असेच तिकडे संसार थाटून राहिले होते. सावरकरांचे अंदमान म्हणजे १९०६ साली पुरा झालेला सेल्युलर जेल : एकांताची कोठडी, काथ्या आणि कोलू. एकाला खोटे ठरवून दुसऱ्याला खरे म्हणण्याचे कारण नाही. मधल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत शिक्षेची रीतच पालटली होती.

'माझी जन्मठेप' वाचताना मुस्लिम वाचक अडखळतो तो पठाण वॉर्डरांच्या वर्णनापाशी. छळ झाला, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण सावरकर त्या छळाचे मूळ वॉर्डरांच्या धर्मवेडात शोधतात, आणि आमचा आक्षेप येथेच आहे. पठाण, सिंधी, बलुची यांना कठोर ठरवताना बंगाल, तामिळ प्रांत व महाराष्ट्र येथील मुसलमान तसे नव्हते, अशी नोंद त्यांनी स्वतःच केली आहे. धर्म एकच असता वागणूक निराळी का, हा प्रश्न त्यांच्याच नोंदीतून उभा राहतो. ते मात्र त्यापुढे जात नाहीत. हे वॉर्डर स्वतः जन्मठेपेचे कैदीच होते. कैद्याच्या हाती दंडुका देऊन कैद्यांवर राज्य करण्याची ती पद्धत होती. त्या सर्वांच्या वर बसलेला जेलर बारी हा आयरिश, म्हणजे स्वतः इंग्रजांच्या अमलाखालील देशाचा माणूस होता. त्याचा जुलूम कोणी त्याच्या धर्मावर घालत नाही.

हाच निकष थानेसरींनाही लावला पाहिजे. आपल्यात त्यांच्याविषयी नुसता आदर दाखवण्याची रीत आहे. परंतु ज्या सरकारविरुद्ध ते उभे राहिले, त्याच सरकारचे दप्तर त्यांनी पुढे सांभाळले. दंडुक्याऐवजी त्यांच्या हाती कलम आले, इतकाच फरक. १८७२ मध्ये शेर अली आफ्रिदीने व्हाइसरॉय मेयो याला ठार केले, तेव्हा थानेसरी बेटावरच होते. सुटकेनंतरही इंग्रजी राज्याखालीच त्यांना लिहायचे होते. म्हणून सरकारविषयीचे त्यांचे नरम शब्द जसेच्या तसे घेऊ नयेत; कोणाच्या नजरेखाली ते लिहिले गेले, हेही पाहावे.

आपल्या घरांत एक पुस्तक अभिमानाने वाचले जाते आणि दुसरे रागाने मिटले जाते. त्यामुळे दोन्हींत दिसणारी एक गोष्ट नजरेतून सुटते : तुरुंग चालवला तो कैद्यांनीच, आणि हुकूम सुटत होता तो इंग्रजांचा. मराठी व उर्दू दोन्ही येणाऱ्या आपल्या शिक्षकांनी हे काम अंगावर घ्यावे. दोन्ही पुस्तकांतील तुरुंगाच्या कारभाराची प्रकरणे वरच्या वर्गांत शेजारी ठेवून शिकवावीत, आणि मुलांना राग-अभिमानाआधी एवढेच विचारावे की, या पानावर दंडुका कोणाच्या हातात आहे आणि तो त्याला कोणी दिला.