भग्न प्रतिमांचे वाचन : भेडाघाट आणि कॉव्हेंट्री

जबलपूरनजीकच्या भेडाघाट येथील चौसष्ट योगिनी मंदिर ही दहाव्या शतकातील कलचुरी वास्तू. नाव चौसष्टीचे असले तरी वर्तुळाकार ओवरीतील कोनाडे ८१ आहेत. बहुतेक प्रतिमांचे हात, चेहरे, स्तन फोडलेले आहेत. अनेक पीठांवर कोरलेली योगिनींची नावे मात्र वाचता येतात. मूर्तिशास्त्राच्या अभ्यासकाला ही अक्षरे ओळखपत्रासारखी उपयोगी पडली. साहित्याच्या अभ्यासकाला त्यांत आणखी एक गोष्ट दिसावी : येथे रूप नष्ट झाले आहे आणि संज्ञा उरली आहे.

या वर्तुळाच्या प्रांगणात गौरीशंकराचे मंदिर आहे. गयाकर्णाची राणी आल्हणदेवी हिच्या कलचुरी संवत ९०७ (इ. स. ११५५) च्या शिलालेखाशी त्याचा संबंध सामान्यतः जोडला जातो. शिवमंदिर, मठ आणि व्याख्यानशाळा बांधल्याचे तो लेख सांगतो. मूळ दगड एकोणिसाव्या शतकातच अमेरिकेत गेला; लेखाची चिकित्सक आवृत्ती वा. वि. मिराशी यांच्या १९५५ च्या कलचुरी लेखसंग्रहात मिळते. वास्तू नर्मदेकाठी आणि तिच्याशी जोडलेली संहिता समुद्रापार, अशी ही ताटातूट आहे. गाभाऱ्यात पूजा चालू आहे आणि भोवतीच्या योगिनी पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहेत. एकाच आवारात देव आणि अवशेष यांचे वाचक वेगळे झाले आहेत.

तुलनेसाठी कॉव्हेंट्रीचे कॅथीड्रल घेता येईल. १४ नोव्हेंबर १९४० च्या बाँबहल्ल्यात ते जळाले. बेसिल स्पेन्सने जुन्या भिंती तशाच छपराविना ठेवल्या आणि त्यांना काटकोनात नवी वास्तू उभी केली. १९६२ मध्ये तिचे पवित्रीकरण झाले. सदरलंडच्या भव्य भित्तिपटाने सजलेल्या या आधुनिक अंतर्भागातून कोरीव काचेच्या भिंतीपलीकडे भग्नावशेष दिसत राहतात. जुन्या वेदीमागच्या भिंतीवर पित्याकडे क्षमा मागणारे दोनच शब्द आहेत. क्षमा कोणाला, हे त्यांत सांगितलेले नाही. विध्वंसक कोण हे शहरातल्या प्रत्येकाला ठाऊक असताना ते कर्मपद गाळले गेले. युद्धोत्तर युरोपीय स्मृतिलेखनातील हा सर्वांत अर्थगर्भ अध्याहार मानावा लागेल.

भेडाघाटचे मौखिक कथन नेमके उलट करते. तेथे औरंगजेबाचे नाव सहज घेतले जाते, आणि त्यासाठी समकालीन पुराव्याची गरज कथकाला वा श्रोत्याला भासत नाही. मात्र लोककथेला इतिहासाच्या निकषावर खोटे ठरवून समीक्षकाचे काम संपत नाही. रिकामे कर्तृपद भरण्याची निकड कोणत्या काळात, कोणत्या श्रोत्यांसमोर वाढते, हा तुलनाकाराचा प्रश्न आहे.

मराठी वाचकाने तो स्वतःच्या परंपरेलाही विचारावा. १७३९ नंतर वसईच्या किल्ल्यातील चर्चे ओस पडत गेली. त्या विजयाची खूण म्हणून नाशिकच्या नारोशंकर मंदिरात पोर्तुगीज घंटा आजही टांगलेली आहे. मराठी ऐतिहासिक गद्यात ही घंटा पराक्रमाचीच गोष्ट सांगते. ती ज्या प्रार्थनेसाठी ओतली गेली होती, तिचा उल्लेख सहसा येत नाही.