कुईका : नाम, नाद आणि रचना

सांबा संगीताचे ध्वनिमुद्रण प्रथमच ऐकणाऱ्या श्रोत्यास सुर्दो, पांदेइरो, तांबोरीम या वाद्यांच्या भरगच्च ठेक्यातून मधूनच एक विलक्षण आवाज वर येताना जाणवतो. तो कधी कण्हण्यासारखा, कधी खिदळण्यासारखा, तर कधी माकडाच्या चीत्कारासारखा भासतो. गायकांपैकीच कोणी तोंडाने हा चमत्कार करीत असावा, असा तर्क बहुधा केला जातो. पॉल सायमन यांच्या १९७२ सालच्या ‘मी अँड हूलिओ डाउन बाय द स्कूलयार्ड’ या गीतामुळे हा आवाज सांबाशी काहीही परिचय नसलेल्या असंख्य कानांपर्यंत पोहोचला, आणि तेथेही तो मानवी कंठाचाच मानला गेल्याची उदाहरणे थोडी नाहीत. वस्तुतः तो कुईका नामक एका चर्मवाद्याचा आवाज आहे.

या वाद्याची रचना साधी आहे. एका बाजूने चामड्याने मढविलेले व दुसऱ्या बाजूने मोकळे असे धातूचे नळकांडे. चामड्याच्या मध्यबिंदूशी आतल्या अंगाने घट्ट बसविलेली बांबूची बारीक काडी. वादक मोकळ्या तोंडातून हात आत घालतो आणि ओल्या फडक्याच्या चिमटीत ती काडी धरून घासतो. फडके काडीला क्षणभर चिकटते, सुटते, पुन्हा चिकटते. सारंगीच्या तारेवर राळ लावलेला गज हेच करीत असतो. काडीचा हा कंप चामड्यात उतरतो. दुसऱ्या हाताच्या बोटांनी वादक चामड्याला बाहेरून, मध्याजवळ दाब देतो. दाब वाढला की ताण वाढतो व स्वर चढतो. वाद्यावर आघात असा होतच नाही.

श्रोत्याची फसगत होते ती नेमकी येथे. वाद्य ओळखताना कान नादाच्या आरंभावर फार विसंबतो. थाप पडते, नाद एकदम उसळतो आणि विरत जातो, ही ढोलाची खूण होय. कुईकाचा नाद हवा तितका लांबविता येतो, आणि एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जातो. मनुष्याच्या बोलण्यातील सुरावटही अशीच घसरती असते, म्हणून कान तो नाद कंठाच्या कोटीत टाकून मोकळा होतो. श्रोत्याला याबद्दल दोष देण्याचे कारण नाही. दोष द्यावयाचा तर तो, वर्णन करताना ‘माकडासारखा आवाज’ एवढे सांगून थांबणाऱ्या लेखकांना द्यावा लागेल. कारण सादृश्य सांगणे म्हणजे ओळख पटविणे नव्हे.

भाषांनीही बहुतेक ठिकाणी सादृश्यावरच काम भागविले आहे. या जातीच्या वाद्याला पोर्तुगालमध्ये ‘सारोंका’ किंवा ‘रोंका’ म्हणतात. त्यात घोरण्याचा, गुरगुरण्याचा अर्थ आहे. रुमानियात ते ‘बुहाय’, म्हणजे बैल. घानातील अकान लोकांचे ‘एत्विए’ हे बिबळ्याच्या गुरगुरण्याचे अनुकरण करते व त्याच्याच नावाने ओळखले जाते. नेदरलँड्समधील ‘रोमेलपॉट’चे नावही त्याच्या गडगडाटावरून पडले, फ्रान्स हाल्स या चित्रकाराच्या सतराव्या शतकातील एका प्रसिद्ध चित्रात मुलांच्या घोळक्यात ते वाजविणारा हसरा वादक आजही पाहावयास मिळतो. ही सर्व नावे ऐकू काय येते ते सांगतात. वाद्य कसे आहे याविषयी ती मूक आहेत.

‘कुईका’ या शब्दाचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. ब्राझीलमध्ये हेच नाव ओपॉसमच्या कुळातील एका लहान पिशवीधारी प्राण्याचे असून ते तुपी भाषेतून आले आहे. त्यावरून वाद्याचे नावही तुपी मानण्याचा मोह होतो. परंतु त्याच वाद्याला ब्राझीलमध्ये ‘पुईता’ असेही म्हणतात, आणि अंगोलातील किंबुंदू भाषेत अशाच घर्षणवाद्याचे नाव ‘प्विता’ आहे. ‘पुईता’चे ‘कुईका’ झाले असे म्हणावे, तर प चा क आणि त चा क हे दोन्ही बदल कोणत्याही नियमाने सिद्ध करता येत नाहीत. आफ्रिकेतून आलेले अपरिचित नाव जवळच्या ओळखीच्या शब्दाकडे ओढले गेले असावे, ही कल्पना अधिक संभाव्य वाटते. लोकव्युत्पत्तीच्या अशा ओढीची उदाहरणे प्रत्येक भाषेत सापडतात. तरीही ती संभाव्यताच होय. केवळ नामसाम्यावर वाद्याचा वंशवृक्ष उभारणाऱ्यांनी याचे भान ठेवलेले नाही.

हा वाद केवळ कोशकारांचा नाही. ब्राझीलमध्ये अंदाजे ४८ लाख आफ्रिकी माणसे गुलाम म्हणून उतरविली गेली. त्यांपैकी फार मोठा भाग अंगोला व काँगोच्या किनाऱ्यावरून, विशेषतः लुआंडाच्या बंदरातून गेला. गुलामगिरी कायद्याने संपली ती १८८८ साली. या माणसांनी आपल्याविषयी लिहून ठेवलेले अत्यल्प आहे. अशा स्थितीत ‘हे वाद्य पोर्तुगीजांचेच, गुलामांनी ते उचलले’ असे विधान सहजगत्या केले की एका समाजाच्या स्मृतीचा उरलासुरला पुरावाही दुसऱ्याच्या खाती जमा होतो. नाद येथे निर्णायक ठरत नाही, कारण सारोंकाही गुरगुरतेच. नावाचा पुरावा डळमळीत आहे. रचना मात्र स्पष्ट बोलते. सारोंका आणि तिची स्पॅनिश बहीण ‘झांबोंबा’ यांची काडी चामड्यातून वर, बाहेर आलेली असते व वादक ती उघड्यावर घासतो. कुईकाची काडी आत दडलेली आहे, आणि मध्य आफ्रिकेतील घर्षणवाद्यांतही ती आतच असते. काडी आत गेल्यामुळेच चामड्याचा बाहेरचा पृष्ठभाग बोटांसाठी मोकळा राहतो, आणि कुईकाची स्वर चढविण्याउतरविण्याची सारी कला त्या मोकळ्या पृष्ठभागावर उभी आहे. तेव्हा हा भेद किरकोळ नसून वाद्याच्या प्राणाशी निगडित आहे. नळकांडे धातूचे झाले, सांबाच्या पथकांत त्याला स्थान मिळाले, या घटना ब्राझीलमधील होत. रिओच्या एस्तासिओ वस्तीतील जोआंव मिना यांस सांबात कुईका आणल्याचे श्रेय परंपरेने दिले जाते. मूळ कल्पना मात्र अंगोलाच्या बाजूची म्हणावी लागते.

वर्गीकरणाचा प्रश्न उरतो. कुईकाला ‘तालवाद्य’ म्हणणे उपयोगाच्या दृष्टीने ठीक आहे, कारण सांबात ते तालाचेच काम करते. पण पाश्चात्त्य भाषांतील रूढ संज्ञेत ‘आघात’ अभिप्रेत असल्याने ती येथे सरळसरळ चुकते. भरताच्या तत, अवनद्ध, घन, सुषिर या चौकटीत ही अडचण येत नाही. ‘अवनद्ध’ म्हणजे चामड्याने मढविलेले. ते वाजवावे कसे, याविषयी ती संज्ञा काहीच गृहीत धरीत नाही. १९१४ साली हॉर्नबोस्टेल व झाक्स यांनी चर्मवाद्यांत आघाताची, छेडण्याची व घर्षणाची असे पोटभेद केले, तेव्हा घर्षणाच्या वाद्यांना स्वतंत्र घर मिळाले. त्याच यादीत ‘छेडण्याच्या’ सदराखाली आपल्याकडील चौंडक्याच्या जातीची वाद्ये बसविली गेली. देवीच्या भक्तांच्या हातातील चौंडके ज्याने ऐकले आहे, त्याला चामड्याच्या मध्यातून निघालेल्या तारेचा ताण बदलताच स्वर कसा वर चढतो ते सांगावे लागणार नाही. लॉरेन्स पिकन यांनी मात्र पुढे आक्षेप घेतला की या वाद्यांत मूळ कंप तारेचा असतो, म्हणून ती तंतुवाद्येच होत. हा आक्षेप मान्य केला तरी कुईकाचे स्थान ढळत नाही. तिच्या काडीचा स्वतःचा स्वर ऐकू येत नाही. ऐकू येते ते चामडे, आणि स्वर बदलतो तोही चामड्यावरील बोटांनी.