सुल्पिसियसकृत मार्टिनचरित्र : एक परीक्षण

इटलींतील व्हेरोना शहरीं, तेथील मुख्य ख्रिस्तमंदिराच्या ग्रंथभांडारांत, चर्मपत्रावर लिहिलेली एक लॅटिन पोथी आहे. नकलकारानें आपलें नांव उर्सिसिनस, आपली वृत्ति व्हेरोनाच्या मंदिरांतील वाचकाची, व लेखनसमाप्तीचा दिवस अगापिटस कॉन्सल असतांनाचा, म्हणजे इ. स. ५१७ चा १ ऑगस्ट, असें स्वच्छ नमूद केलें आहे. इतक्या जुन्या आणि स्वतःची मिति स्वतः सांगणाऱ्या लॅटिन पोथ्या फार थोड्या. या पोथींत तूर येथील बिशप मार्टिन याचें सुल्पिसियस सेव्हेरस यानें लिहिलेलें चरित्र आहे. चरित्र रचलें गेलें तें इ. स. ३९६ च्या सुमारास. म्हणजे मूळ व नक्कल यांत अंतर अवघें सव्वाशें वर्षांचें. आपल्याकडील संतचरित्रांच्या पोथ्या ज्यांनीं हाताळल्या आहेत त्यांस या अंतराचें मोल निराळें सांगावयास नको.

परंतु पोथी जुनी म्हणून मजकूर खरा, असें होत नाहीं. बखरींच्या बाबतींत हा धडा कै. राजवाडे यांनीं १८९८ सालीं आपल्या पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेंत घालून दिला. तोच येथें लावून पाहावयाचा आहे.

सुल्पिसियस हा आक्विटेन प्रांतांतील सधन कुळांतला वकील. पत्नी वारल्यावर त्यानें संसार सोडिला, तूरला जाऊन मार्टिनाची भेट घेतली, आणि तो हयात असतांनाच त्याचें चरित्र लिहून टाकिलें. पुढें ३९७ च्या नोव्हेंबरांत मार्टिन वारल्यावर त्याच्या मृत्यूचें वृत्त त्यानें पत्ररूपानें दिलें, व ४०४ च्या सुमारास ‘संवाद’ रचून चरित्रांत राहिलेल्या गोष्टींची भर घातली. ग्रंथाचा प्रसारहि विलक्षण झाला. संवादांतील एक पात्र सांगतें कीं, रोमांतील पुस्तकविक्ये या ग्रंथावर खूष आहेत, इतका लौकर दुसरा ग्रंथ खपत नाहीं. ही ग्रंथकारानें स्वतःच वाजविलेली स्वतःची नौबत आहे, हें लक्षांत ठेवून ती ऐकावी. तथापि आयर्लंडांत ८०७ च्या सुमारास लिहिलेल्या आर्माच्या पोथींतहि हें चरित्र सांपडतें, यावरून नौबत अगदींच पोकळ नव्हती असें दिसतें. उलट याच लेखकाचा इतिहासग्रंथ, जो संशोधकास अधिक उपयोगी, तो अकराव्या शतकांतील एकुलत्या एका पोथीच्या आधारानें वांचला आहे. नकलकारांची आवड आणि आपली गरज यांची गांठ क्वचितच पडते.

१९१२ सालीं बाब्यु या फ्रेंच पंडितानें या चरित्रावर कठोर हल्ला केला. त्याच्या मतें मार्टिन हा हयातींत फारसा कोणास ठाऊक नसलेला बिशप; सुल्पिसियसनें अथनेसियसच्या अँटनीचरित्रादि ग्रंथांतून प्रसंग उचलून त्यास थोर केलें. १९२० सालीं डेलहे या जेजुइट संशोधकानें त्यास उत्तर दिलें. पुढें फाँतेन यानें १९६७ ते १९६९ या काळांत तीन भागांत सटीप आवृत्ति काढिली. तीपुढें हाल्मची १८६६ ची व्हिएन्ना आवृत्ति आतां केवळ पाठभेदांपुरती पाहावी लागते. बाब्युचा निकाल मला मान्य नाहीं. पण त्यानें विचारलेले प्रश्न टाळून चालणार नाहीं असें माझें मत आहे.

पहिला प्रश्न कालगणनेचा. मार्टिनाचा जन्म पॅनोनियांतील सबारिया, म्हणजे सांप्रतचें हंगेरींतील सोंबाथेय, येथें झाला. बालपण इटलींत पाव्हियास गेलें. बाप सैन्यांत ट्रिब्यूनच्या पदापर्यंत चढलेला. सैनिकांच्या मुलांनीं लष्करांत दाखल व्हावें अशा हुकुमानें पंधराव्या वर्षीं त्यास चाकरींत ओढिलें. अठराव्या वर्षीं, आमिएं शहराच्या वेशींत गारठलेल्या भिकाऱ्यास आपला झगा तरवारीनें कापून अर्धा दिल्यानंतर, त्यानें बाप्तिस्मा घेतला. आणि पुढें सुमारें दोन वर्षांनीं वर्म्स येथें सीझर जुलियन याच्यासमोर बक्षिसी नाकारून चाकरी सोडिली. जुलियनची ती मोहीम ३५६ ची. हा हिशेब धरला तर मार्टिनाचा जन्म ३३६ चा ठरतो. परंतु तूरचाच पुढील बिशप ग्रेगरी लिहितो कीं, मार्टिन कॉन्स्टंटाइनच्या अकराव्या वर्षीं जन्मला व एक्याऐंशीव्या वर्षीं वारला. म्हणजे जन्म ३१६-१७ चा. आणि खुद्द सुल्पिसियस संवादांत, मॅक्झिमस बादशहाच्या राणीनें मार्टिनाची सेवा केली तेव्हां तो सत्तरीचा होता, असें सांगतो. हा प्रसंग ३८५ च्या आसपासचा. येथें ग्रंथकार ग्रेगरीशीं जुळतो आणि आपल्याच चरित्राशीं भांडतो.

ग्रेगरीचें वर्ष खरें धरिलें तर चाकरी सोडतांना मार्टिन चाळिशीचा होता, आणि त्यानें लष्करांत पांचसात नव्हे, जवळजवळ पंचवीस वर्षें काढिलीं. आमिएंची गोष्ट तरुणपणची ठेवून मधलीं वीस वर्षें गाळलीं गेलीं. कारण उघड आहे : आयुष्याचा उमेदीचा काळ बादशहाच्या तरवारीखालीं घालविलेला बिशप त्या काळच्या विरोधकांस आयतेंच हत्यार होता. फाँतेननेंहि लांब कालगणनेचीच बाजू घेतली आहे. मला हें असत्य वाटत नाहीं, संकोचानें केलेली काटछांट वाटते. पण काटछांट ती काटछांटच.

दुसरा प्रश्न मौनाचा. प्रिसिलियन व त्याचे अनुयायी यांस पाखंडाच्या आरोपावरून ट्रिअर येथें ३८५ च्या सुमारास देहान्त शासन झालें. बिशपांनींच बादशहाकडे फिर्याद नेली होती. रक्तपात करूं नये म्हणून मार्टिन मॅक्झिमसपाशीं रदबदली करीत होता. चरित्रांत मॅक्झिमसच्या पंक्तीचा, मार्टिनानें आपला पेला बादशहाआधीं आपल्या पुरोहितास दिल्याचा, झोंकदार प्रसंग आहे. प्रिसिलियनबद्दल अक्षर नाहीं. तो मजकूर मार्टिन वारल्यानंतर, इतिहासग्रंथांत व संवादांत, बाहेर आला. त्यांतहि संवाद म्हणतो कीं, पुढें फिर्यादी बिशपांशीं एकदां सहभाग केल्याचा पश्चात्ताप होऊन मार्टिन पुढील सोळा वर्षें कोणत्याहि धर्मसभेस गेला नाहीं. ३८५ त सोळा मिळविले तर ४०१ येतात. मार्टिन तर ३९७ त वारला. रोमन आंकड्यांत अकराचे सोळा होण्यास मध्यें एक खूण पुरते, म्हणून नकलेचा दोष मानण्याचा मोह होतो. परंतु आंकडा बदलून ग्रंथकारास सोडविण्याची ही वाट फार सोपी आहे, आणि सोप्या वाटेवर मी पाऊल टाकीत नाहीं.

येथवर बाब्युची बाजू. आतां दुसरी. ३७१ च्या सुमारास तूरच्या गादीवर निवड होतांना कांहीं बिशपांनीं मार्टिनाच्या मळकट वस्त्रांचा व विसकटलेल्या केंसांचा बाऊ केला. त्यांत डिफेन्सर नांवाचा एक पुढारी. गर्दीमुळें नेमलेला वाचक आंत पोंचेना, तेव्हां कोणीतरी स्तोत्रसंहिता उचलून जी ओळ वाचली तींत नेमका ‘डिफेन्सर’ हाच शब्द आला व लोकांनीं एकच हर्षध्वनि केला. आतां मौज अशी कीं, जेरोमनें शुद्ध केलेल्या आणि पुढें गॉलभर पसरलेल्या पाठांत त्या जागीं सूड घेणारा अशा अर्थाचा निराळाच शब्द आहे. ‘डिफेन्सर’ हा जुन्या लॅटिन भाषांतराचा पाठ. अर्थात् ही कथा नंतरच्या मठांत बसून रचलेली नाहीं. तसेंच मार्टिनाबद्दलची साक्ष एका सुल्पिसियसवरच लटकत नाहीं. नोलाचा पॉलिनस रूआंच्या व्हिक्ट्रिशियस बिशपास लिहिलेल्या पत्रांत, रोन नदीवरील व्हिएन गांवीं मार्टिनाच्या सहवासांत आपली गांठ पडली होती याची आठवण देतो. आणि त्याच व्हिएन गांवीं फिडुला नांवाच्या स्त्रीचा थडग्यावरील लेख मिळाला आहे, त्यांत तिला मार्टिनाच्या हस्तें बाप्तिस्मा झाल्याचें कोरलेलें आहे. एक पत्र व एक शिलालेख : आपल्या पंथाच्या संशोधकास यापरते अधिक विश्वासू साक्षीदार कोणते?

चरित्राचें अकरावें प्रकरण मात्र प्रत्येक संग्राहकानें मुद्दाम वाचावें. तूरजवळ एका थडग्यास लोक हुतात्म्याची समाधि मानीत. पूर्वींच्या बिशपांनीं तेथें वेदीहि उभारिली होती. मार्टिनानें वृद्ध पुरोहितांस विचारिलें : या हुतात्म्याचें नांव काय? तो केव्हां मारला गेला? खात्रीचें उत्तर कोणापाशीं नव्हतें, म्हणून त्यानें ना स्थानाची निंदा केली, ना तेथें जाऊन मान दिला. शेवटीं थडग्यापाशीं प्रार्थना करतां एक भीषण छाया दिसली व तिनें आपण फांशीं गेलेला दरोडेखोर असल्याचें कबूल केलें. मार्टिनानें वेदी काढून टाकविली. छायेचा भाग ज्यास हवा त्यानें घ्यावा. नांव काय व काळ कोणता हे दोन प्रश्न मात्र चवथ्या शतकांतले आहेत, आणि ते एका संतानें दुसऱ्या मानलेल्या संताबद्दल विचारलेले आहेत.

पुढील भक्तीचा विस्तार येथें थोडक्यांत पाहूं. पर्पेट्यूअस बिशपानें पांचव्या शतकांत समाधीवर १६० फूट लांब व ६० फूट रुंद मंदिर बांधिल्याचें ग्रेगरी सांगतो. सातव्या शतकाच्या उत्तरार्धांत मार्टिनाचा म्हणून मानलेला झगा फ्रँक राजांच्या जामदारखान्यांत दिसतो. त्यावर शपथा होत, आणि ‘चॅपेल’ हा शब्द त्या झग्याच्याच लॅटिन नांवापासून निघाला. १५६२ त ह्यूगेनॉट लोकांनीं अवशेष जाळले, क्रांतीनंतर मंदिर पडलें, १८६० च्या डिसेंबरांत समाधीची जागा पुन्हां सांपडली. चित्रकारांनीं आमिएंच्या प्रसंगांत मार्टिनास घोड्यावर बसविलें आहे. सुल्पिसियसच्या मजकुरांत तेथें घोडा नाहीं.

मराठींत हें चरित्र कोणी आणूं म्हणेल तर त्यानें फाँतेनचा पाठ धरावा, आणि तीन पत्रें व संवाद त्यास जोडल्याखेरीज एकट्या चरित्राचें भाषांतर छापूं नये. वर दाखविलेल्या विसंगति एकत्र वाचल्यावरच डोळ्यांत भरतात.