ताऱ्यांची समीक्षा

मराठी कथेची प्रत ठरवण्याचा अधिकार समीक्षकाच्या हातून सुटून आता वाचकाच्या अंगठ्याखाली आला आहे. कथा मोबाईलवर वाचायची, पाचांपैकी किती तारे द्यायचे ते ठरवून बोट टेकवायचे, वाटलेच तर दोन ओळींची प्रतिक्रिया लिहायची. २०१४ साली बंगळुरूहून सुरू झालेल्या 'प्रतिलिपि'वर मराठीतही हाच रिवाज आहे. वाङ्मयीन मक्तेदारी मोडली म्हणून आपल्यातल्या अनेकांना याचा आनंद झाला, आणि तो खोटा नाही. ज्या कथा संपादकाच्या टेबलावरून साभार परत येत, त्यांना आज कोणाच्या परवानगीची गरज उरलेली नाही. आपले काही तरुण आता स्वतःचे कथा-संकेतस्थळ उभारण्याच्या खटपटीत आहेत. वाचकांना गुण देण्याची आणि प्रतिक्रिया लिहिण्याची सोय ठेवावी काय, असे ते विचारतात. माझे म्हणणे असे की, प्रतिक्रिया हवी, तारे नकोत. या दोन्ही गोष्टी नेहमी एका दमात बोलल्या जातात, म्हणून त्या एकच आहेत असे वाटते इतकेच.

साधा हिशेब मांडू. एका कथेला शंभर वाचक मिळाले. साठ जण हादरले. त्यांनी पाच-पाच तारे दिले. चाळीस जणांना ती आपल्यावरचा आरोप वाटली. त्यांनी एकेक दिला. सरासरी येते ३.४. शेजारी एक गोडगोड कौटुंबिक कथा आहे. तिला शंभरही जणांनी चार-चार तारे दिले, सरासरी ४. यादीत वर कोण राहील? जिने वाचकांत उभी फूट पाडली ती मध्यम ठरते, आणि जिने कोणालाही ओरखडा काढला नाही ती सरस! नकार आणि विद्रोह यांतून जन्मलेल्या साहित्याचे जे यश, तेच हे यंत्र अपयश म्हणून नोंदवते. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली आले तेव्हा पांढरपेशा वाचक हादरला हे खरे. पण आपल्या घरातले चव्हाट्यावर का मांडले, म्हणून आपल्यातलेही कित्येक नाराज झाले. तेव्हा तारे असते तर दोन्हीकडून एकेक तारा पडला असता आणि माणसे मोकळी झाली असती. तारे नव्हते म्हणून कारणे द्यावी लागली. लेख झाले, भांडणे झाली, आत्मचरित्र म्हणायचे की आत्मकथन की स्वकथन हा वाद झाला. आपल्या समीक्षेचे निकष अशा वादांतूनच घडत गेले.

एक माणूस एक मत हीच तर लोकशाही, असे कोणी म्हणेल. बाबासाहेबांनी १९५५ सालच्या भाषावार राज्यांवरील पुस्तकात राजकीय बहुमत आणि जातीय बहुमत यांत भेद केला आहे. पहिले घडते, बदलते. दुसरे जन्मानेच ठरलेले असते. मग वाचकांचे बहुमत यांपैकी कोणते? कथेच्या शीर्षकाशेजारीच लेखकाचे आडनाव असते. मी विद्यापीठाच्या उत्तरपत्रिका तपासतो. तिथे नाव लिहायला मनाई, फक्त बैठक क्रमांक. घरातल्या पहिल्या पदवीधराला त्या क्रमांकाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. तारे देणारा परीक्षक मात्र आधी आडनाव वाचतो, मग पेपर.

पुष्कळदा तर पेपर वाचतही नाही. 'गुडरीड्स'वर २०२३ साली काय झाले ते पाहा. एलिझाबेथ गिल्बर्ट यांनी रशियात घडणारी कादंबरी जाहीर केली. ती प्रसिद्धही झाली नव्हती, तरी युक्रेनवरील युद्धाच्या संतापातून शेकडो लोकांनी एकेक तारा दिला आणि लेखिकेने प्रकाशन थांबवले. तो संताप समजण्यासारखा आहे, पण न वाचलेल्या पुस्तकाला गुण कसले? त्याच वर्षी डिसेंबरात अमेरिकेतल्या एका नवोदित लेखिकेने खोट्या खात्यांवरून इतर नवोदितांना तळाचे गुण दिल्याचे उघड झाले; त्या इतरांत गौरेतर लेखक बरेच होते. धंदेवाल्यांचाही ताऱ्यांवरचा विश्वास उडाला आहे. यूट्यूबने २०१० साली तारे काढून अंगठा आणला, कारण बहुतेक जण पाचच तारे देत. नेटफ्लिक्सने २०१७ साली तेच केले. त्यांनी टाकलेले उष्टे आपण कशाला उचलावे? 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' हे वाचक-लेखकांनीच ना-नफा तत्त्वावर चालवलेले कथांचे भांडार ताऱ्यांवाचून चालते. तिथे शाबासकीची एक खूण असते आणि प्रतिक्रिया असते, बस्स.

प्रतिक्रियेचेही सगळे सोने आहे असे नाही. 'छान', 'पुढचा भाग कधी?' यांना मी प्रतिक्रिया मानत नाही. 'डोळ्यांत पाणी आले' ही तर त्याहून वाईट. रडून झाले की वाचकाची जबाबदारी संपते आणि लेखक पुन्हा दयेचा धनी होतो. आपलेही लोक काही कमी नाहीत. आडनाव ओळखीचे दिसले की न वाचताच 'जय भीम, अप्रतिम!' अशाने आपला लेखक वाढत नाही, फुगतो. त्यापेक्षा वाचकाला दोन प्रश्न विचारावेत. कोणत्या जागी अडलात? तुमच्या गावात हे असेच घडते की निराळे? दुसऱ्या प्रश्नाला चंद्रपूरचा वाचक एक उत्तर देईल आणि कोल्हापूरचा दुसरे. आणि आमच्या विभागातल्या चर्चासत्रांत जे कधी ऐकू येत नाही, ते तिथे लिहिले जाईल.

टोपणनावाला बंदी नसावी. ऑफिसात आडनाव झाकून नोकरी करणारा मुलगा खऱ्या नावाने मत कसे देईल? जातिवाचक शिवी मात्र मत नव्हे. चारचौघांत अशी शिवीगाळ हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. ती काढावी, पण काढण्यापूर्वी तिची नोंद जपून ठेवावी. या शिव्या लेखिकेच्या आधी कोणाला तरी वाचाव्या लागणार. ते काम नेहमीप्रमाणे संघटनेतल्या एखाद्या होतकरू मुलीच्या गळ्यात 'चळवळीचे काम' म्हणून फुकट मारू नये. संकेतस्थळाच्या खर्चाचा अंदाज मांडताना तिचा पगार पहिल्या ओळीत धरावा.